गोव्यातली जुनी चर्च आणि फुटबॉल ग्राउंड बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्च आणि फुटबॉल ग्राउंड, हे काय कॉम्बिनेशन आहे?

गोव्यात हे कॉम्बिनेशन कुणी मुद्दाम केलेलं नाही, ते आहेच. सासष्टी किंवा बार्देशातल्या कुठल्याही गावात जा, पांढरं चर्च दिसतं, समोर क्रॉस, बाजूला शाळा आणि जवळच कुठेतरी दोन गोलपोस्ट. संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं बसलेली आणि ग्राउंडवर पोरं. आपले लोक बीच, किल्ला, क्रूझ, कॅसिनो करून येतात आणि फार तर जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बाहेरून बघतात. माझं म्हणणं एवढंच की एक-दोन दिवस बीच सोडा आणि या दोन गोष्टी बघा, गोव्याचे लोक नक्की कुठे जमतात ते कळेल.

किती दिवस लागतील?

दोन दिवस आरामात. एक दिवस जुनं गोवं आणि पणजी, दुसरा दिवस मडगाव, तिथलं फातोर्डा (फुटबॉल स्टेडियम इथेच आहे) आणि आजूबाजूची गावं. म्हापसा-साळगाव साईडलाच राहत असाल तर तिकडचं एखाद्या संध्याकाळी होतं. एका दिवसात सगळं कोंबू नका, पाचव्या चर्चला घरातली मंडळी गाडीतून उतरतच नाहीत.

जुन्या गोव्यात सगळी चर्च सारखीच दिसतात, नक्की काय बघायचं?

सारखी अजिबात नाहीत, गाईड घाईघाईत फिरवतो म्हणून तसं वाटतं. इथल्या चर्च आणि कॉन्व्हेंटना १९८६ मध्ये युनेस्कोचा वर्ल्ड हेरिटेज दर्जा मिळाला. माझ्या मते चार गोष्टी नीट बघा, बाकी वेळ उरला तर.

पहिलं अर्थात बॉम जेझूस. १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला चर्चचं विधिवत अर्पण झालं. बाहेरून लाल जांभा दिसतो आणि लोकांना वाटतं ते मूळचं तसंच आहे, पण आधी त्यावर गिलावा होता, तो १९५० च्या दशकात पोर्तुगीजांच्याच काळात काढला. फोटोला उघडा दगड भारी दिसतो हे खरं, पण गोव्याचा पाऊस आणि उघडा जांभा हे काही चांगलं लग्न नाही आणि आता परत गिलावा करावा का यावर तिथे वाद चालू असतो.

दुसरं समोरचंच से कॅथेड्रल, सेंट कॅथरीनच्या नावाचं. आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे सेंट कॅथरीनचा सण, म्हणून तिचं नाव. बांधायला १५६२ ला घेतलं ते पुढच्या शतकात पूर्ण झालं. बाहेरून बघितल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, कारण दोनपैकी एकच टॉवर उरलाय, दुसरा १७७६ मध्ये पडला. उरलेल्यात ती फेमस सोन्याची घंटा आहे, सोन्याची नाहीये ती, आवाजामुळे तसं म्हणतात.

तिसरं सेंट आगुस्तिनचा पडका टॉवर, आणि खरं सांगू तर मला हे सगळ्यात आवडतं. मूळ इमारत १६०२ च्या आसपास पूर्ण झाली, १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, मठ ओस पडला, १८४२ ला छत कोसळलं आणि १९३१ मध्ये टॉवरचा अर्धा भाग आला खाली. आता साधारण ४६ मीटरची एक उभी भिंत शिल्लक आहे, पायाखाली थडग्यांच्या कोरलेल्या शिळा आहेत, गर्दी कमी. इथल्याच उत्खननात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले आणि भारत सरकारने ते २०२१ मध्ये जॉर्जियाला दिले. कुठे जॉर्जिया, कुठे जुनं गोवं.

चौथं सेंट काजेतान, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर घुमट असलेलं. शांत असतं, कारण टूरच्या बस तिथपर्यंत फारशा जात नाहीत.

पुरातत्त्व खात्याचं म्युझियम सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून आहे, ते शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे प्लॅन बघून करा.

सेंट झेवियरचं शव खरंच बघायला मिळतं का?

सेंट फ्रान्सिस झेवियर म्हणजे सोळाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मप्रचारक, त्यांचं शव बॉम जेझूसमध्ये आहे. चांदीची पेटी उंचावर ठेवलेली असते, तीच लांबून दिसते. पेटी १६३०च्या दशकात गोव्यातल्याच सोनारांनी केलेली आणि खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, तो १६९८ मध्ये बसवला. झेवियर वारले ३ डिसेंबर १५५२ ला चीनजवळच्या बेटावर, शव गोव्यात आलं १५५४ मध्ये. हल्ली दर दहा वर्षांनी पेटी खाली काढून कॅथेड्रलमध्ये नेतात आणि मग जवळून दर्शन होतं. मागचं झालं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, म्हणजे आता बराच वेळ आहे.

पण दरवर्षी ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे चर्चचा सण असतो, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना. लोक रात्रभर चालत येतात, हिंदूसुद्धा येतात, ‘गोंयचो सायब’ म्हणतात त्यांना. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, खाजं आणि चण्यांची दुकानं लागलेली असतात. वास्तू बघायची असेल तर ते दिवस टाळा, पार्किंगलाच जीव जातो.

आम्ही ख्रिश्चन नाही, आत गेलेलं चालतं का? मास चालू असेल तर?

चालतं, कुणी विचारत नाही. मास, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागे गप उभे राहा किंवा शेवटच्या बाकावर बसा, पण मधूनच उठून अल्टरकडे फोटो काढायला जाऊ नका, एवढी अक्कल ठेवली की पुरे. प्रसाद समजून कम्युनियनच्या रांगेत लागू नका. ती त्यांच्या धर्मातली गोष्ट आहे, बाकीच्यांनी घ्यायची नसते, आपले बरेच लोक भोळेपणाने तिथे उभे राहतात आणि मग पाद्रीची पंचाईत होते.

कपडे: शॉर्ट्स आणि स्लीव्हलेस घालून बॉम जेझूसला जाऊ नका, दारात अडवतात. बीचवरून थेट येणाऱ्यांनी गाडीत एक ओढणी किंवा फुल पँट ठेवावी. चपला काढायच्या नसतात, सवयीने काढून ठेवाल आणि मग शोधत बसाल. एंट्री फ्री आहे. रविवारी सकाळी ओळीने मास असतात, त्यामुळे बघायला जायचं तर साडेदहा-अकरानंतर.

ही चर्च देवळं पाडून बांधली ना? मग बघायला का जायचं?

हा प्रश्न येतोच आणि तो टाळायचंही काही कारण नाही. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या भागात, सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली हे खरं आहे. मंगेशी मूळची कुठ्ठाळीची, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, हे सगळे देव लोकांनी नदीपलीकडे आजच्या फोंड्याच्या बाजूला हलवले, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. मडगावचा दामोदर असाच जांबावलीला गेला आणि त्या देवळाच्या जागी होली स्पिरिट चर्च उभं राहिलं असं सांगतात. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी याच रागातून पाद्र्यांना मारलं आणि मग तिथल्या गावकर पुढाऱ्यांना पोर्तुगीजांनी मारलं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं ते मधला थोडा काळ सोडून १८१२ पर्यंत.

आता जायचं का, तर माझं मत हो. हे सगळं माहीत असून जायचं. आणि एक करा, सकाळी जुनं गोवं बघितलंत तर दुपारनंतर मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा करा, फोंडा तिथून लांब नाही. एकाच गोष्टीचे दोन्ही अर्धे भाग एका दिवसात बघून होतात. म्हापशाला तर चर्चमधली मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि दोन्हीकडून तेल-फुलांची देवाणघेवाण चालते, तर तिथले लोक हे सगळं आपापल्या पद्धतीने पचवून बसलेत.

संभाजी महाराज जुन्या गोव्यापर्यंत आले होते का?

अगदी दारापर्यंत. नोव्हेंबर १६८३ मध्ये मराठ्यांनी जुन्या गोव्यासमोरचं जुवे बेट घेतलं. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर पलटवार करायला गेला आणि मार खाऊन कसाबसा परत आला. शहर जातंय असं वाटल्यावर तो बॉम जेझूसमध्ये गेला, झेवियरची पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकाराचा दंड शवापाशी ठेवून आता तुम्हीच वाचवा म्हणाला. नंतर औरंगजेबाचा मुलगा शहाआलम याची मोगल फौज खाली उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं. गोव्यात हा चमत्कार म्हणून सांगतात, आपल्याकडे औरंगजेबाचा हिशोब म्हणून. पेटीसमोर उभे राहाल तेव्हा मुलांना ही गोष्ट सांगा, टूर गाईड बहुतेक सांगत नाही.

जुन्या गोव्याबाहेर कुठली चर्च?

पणजीचं झिगझॅग पायऱ्यांचं चर्च तुम्ही पिक्चरमध्ये बघितलंच आहे. आगुस्तिनच्या पडक्या टॉवरची घंटा आता तिथे आहे, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. ८ डिसेंबरला तिथलं फेस्त.

साळगावचं माय द देऊश, १८७३ चं, गॉथिक स्टाईलचं, बाकी गोव्यातल्या चर्चपेक्षा एकदम वेगळं, टोकदार कळसांचं. रात्री लायटिंग करतात तेव्हा रस्त्यावर गाड्या थांबतात. कळंगुटला राहणाऱ्यांना दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि तरी जात नाहीत लोक.

मडगावचं होली स्पिरिट चर्च आणि त्यासमोरचा चौक, चारी बाजूला जुनी घरं. इथे गाडी लावून पायी फिरा. मग फातोर्डा.

फुटबॉल गोव्यात आणलं कुणी? पोर्तुगीजांनी?

सगळ्यांना तसंच वाटतं, पण नाही. १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाचे एक ब्रिटिश पाद्री तब्येत सुधारायला शिवोलीला आले होते, त्यांनी तिथल्या पोरांना शिकवलं असं सांगतात. नंतर त्यांनी हडफड्याला शाळा काढली आणि फुटबॉल तिथेही गेलं. मग मिशनच्या शाळा, सेमिनारी, त्यातून शिकून गावोगावी गेलेले पाद्री, असं ते पसरलं. म्हणून तर ग्राउंड चर्चजवळ सापडतं. सरकारने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ केला, पण लोकांनी ते आधीच करून ठेवलं होतं.

आणि हा फक्त ख्रिश्चनांचा खेळ राहिला असंही नाही. भारताचे कॅप्टन राहिलेले गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठे क्लब चालवले कुणी, तर धेंपो, साळगावकर या खाणवाल्या हिंदू घराण्यांनी.

फातोर्डा स्टेडियम मॅच नसताना बघता येतं का?

युरोपसारखी तिकीट काढून स्टेडियम टूर वगैरे काही नाही. गेट उघडं दिसलं आणि गार्डला नीट विचारलं तर कधी सोडतो, कधी नाही. बाहेरून बघितलं तर काँक्रीटचं साधं स्टेडियम आहे, १९८९ मधलं, साधारण १९ हजार लोक बसतात. म्हणून फक्त बिल्डिंग बघायला जाऊ नका, मॅच असेल तेव्हाच जा.

तरी इथे झालंय मात्र खूप काही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या मॅच इथे झाल्या. २०१५ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल गोव्याची टीम एफसी गोवा जिंकत आली होती आणि अगदी शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन ३-२ ने हरली, त्यावर कुठल्याही मडगावकराशी बोलून बघा, अर्धा तास सुटका नाही. मुंबईकरांसाठी, मुंबई सिटीने पहिली आयएसएल फायनल इथेच जिंकली, १३ मार्च २०२१, बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल, आणि कोविडमुळे स्टँड रिकामे.

आयएसएलचं तिकीट कसं काढायचं?

ऑनलाइन. पण आधी वेळापत्रक बघा आणि मगच ट्रेनचं बुकिंग करा, उलटं नको. २०२५-२६ चा सीझन तर नेहमीसारखा सप्टेंबरमध्ये सुरूच झाला नव्हता. बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, सुट्टी नाणी यातलं काही आत नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीत किंवा हॉटेलवरच ठेवा. एफसी गोवाचा रंग केशरी, लोगोत गवा आहे. दुसऱ्या टीमचा टीशर्ट घालून घरच्या स्टँडमध्ये बसू नका, मारत कोणी नाही पण टोमणे मात्र पूर्ण नव्वद मिनिटं ऐकावे लागतात, तेही कोंकणीत, म्हणजे आपल्याला सगळे कळतात.

धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावं लहानपणी ऐकलेली, त्यांचं काय झालं?

हे विचारणारे बहुतेक चाळिशीच्या पुढचे असतात. एकेकाळी देशाची लीग म्हणजे गोवा विरुद्ध कोलकाता असंच होतं. साळगावकर १९९८-९९ ला नॅशनल लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब, धेंपोने तर पाच वेळा देशाची लीग जिंकली, चर्चिलने दोनदा. मग २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पैसा आटला, त्यात आयएसएलला वरचं स्थान देऊन आय-लीग (नॅशनल लीगचं पुढचं रूप) खाली ढकलायचं ठरत होतं, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब, तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो २०२४-२५ ला परत आला. ही नावं गोव्याच्या लोकल लीगमध्ये अजून बघायला मिळतात आणि ती बघायला ना ऑनलाइन बुकिंग लागतं ना जास्त पैसे.

मग लोकल मॅच कुठे बघायची?

म्हापशाजवळचं धुळेर स्टेडियम, वास्कोचं टिळक मैदान (हो, लोकमान्यांच्याच नावाचं), नागोवाचं ग्राउंड, नावेलीचं रोझरी कॉलेजचं ग्राउंड आणि जुन्या गोव्यातच एला ग्राउंड. हे शेवटचं विशेष सोयीचं, कारण दुपारी चर्च बघून झाली की संध्याकाळी तिथेच मॅच असू शकते. गोवा प्रो लीगचं वेळापत्रक गोवा फुटबॉल असोसिएशनच्या पेजवर आणि गोव्याच्या पेपरांत येतं, आदल्या दिवशी बघून घ्या.

पण खरी मजा गावच्या टुर्नामेंटची. भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात, पोरं तिथेच गोलपोस्ट ठोकतात, आणि मग वाड्या-वाड्यांच्या, गावा-गावांच्या मॅच चालू होतात, लाउडस्पीकरवर कोंकणीतून कॉमेंट्री, बाजूला चोरीस (गोवन सॉसेज) पाव आणि रस ऑम्लेटचा गाडा, एका साईडला चर्चमधून संध्याकाळची प्रार्थना आटपून आलेल्या आज्या आणि त्या रेफरीला जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. याची जाहिरात नेटवर मिळत नाही. चहाच्या टपरीवर विचारा, ‘आयज मॅच खंय आसा?’ एवढं कोंकणी पुरतं. कोल्हापूरकरांना हे वातावरण समजावून सांगायची गरजच नाही, शाहू स्टेडियमला पेठांच्या तालमींच्या मॅच बघितलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल, फक्त इथे आवाज थोडा कमी.

कळंगुटचा रोनाल्डोचा पुतळा बघण्यासारखा आहे का?

सेल्फीपुरता. डिसेंबर २०२१ मध्ये बसवला, वजन ४१० किलो. पोर्तुगालपासून मुक्त होऊन साठ वर्षं झाली त्याच महिन्यात पोर्तुगीज खेळाडूचा पुतळा बसवला म्हणून काळे झेंडे दाखवले गेले आणि आमचे खेळाडू ब्रह्मानंद, ब्रुनो कुतिन्हो नाही का दिसले असं लोकांनी विचारलं, जे मला तरी पटतं. खरा रोनाल्डो यायची वेळ आली होती ऑक्टोबर २०२५ ला, त्याची टीम अल नासर फातोर्ड्याला खेळायला आली, तर हा आलाच नाही. एफसी गोवा २-१ ने हरली, पण गोल मारला तो गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने.

गाडी नसेल तर कसं फिरायचं?

होतं. जुन्या गोव्यासाठी कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जवळ, फातोर्ड्यासाठी मडगाव. पणजीच्या कदंब स्टँडवरून जुन्या गोव्याला (साधारण दहा किलोमीटर) सतत बस असतात, फोंड्याच्या बसही तिथूनच जातात. पणजी-मडगाव शटलचं तिकीट बसमध्ये नाही, आधी काउंटरवर काढायचं. छोट्या अंतराला पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, भाडं बसायच्या आधी ठरवा. एकच अडचण, साडेसातची मॅच संपेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि तेव्हा पणजीची बस मिळेल या भरवशावर राहू नका. त्या रात्री मडगावलाच मुक्काम करा, स्वस्तही पडतं.

पावसाळ्यात जावं का?

चर्चसाठी हो. जांभा ओला झाल्यावर काय रंग येतो ते बघाच. आगुस्तिनच्या तिथे शेवाळ्यावरून घसरायला होतं, तेवढं सांभाळा. गावच्या मॅचसाठी नाही, शेतात तेव्हा भात असतं.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर आहेत, झेपेल?

बॉम जेझूस आणि से कॅथेड्रल सपाटीवर आहेत, काही त्रास नाही. आगुस्तिनला चढ आहे, गाडी वरपर्यंत जाते. जुन्या गोव्यातल्याच टेकडीवरच्या माऊंटच्या चॅपेलला पायऱ्या आहेत, तिथे आजी-आजोबांना नेऊ नका, पण पोरांना संध्याकाळी जरूर न्या, मांडवी आणि सगळे टॉवर झाडांच्या वर आलेले दिसतात. मुलं चर्चमध्ये कंटाळणार हे धरूनच चला. गाडीत एक फुटबॉल टाका, कुठल्याही गावच्या ग्राउंडवर पाच मिनिटांत त्यांना टीम मिळते, भाषा आली नाही तरी. फक्त मोठ्यांची मॅच चालू असेल तर लाईनच्या आत जाऊ देऊ नका.